अंगुस्तानाचं फूल आणि आईची गोळी

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या पानावर तुम्ही एका जांभळ्या फुलाचा मोठ्ठा फोटो छापलाय, फॉक्सग्लोव्ह, आणि खाली चौकटीत लिहिलंय की हे आपल्या हिमालयातलं औषधी झाड, हृदयरोगावर रामबाण, कुंडीत सहज येतं, घरोघरी असावं. फोटो एक नंबर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. चौकटीबद्दल आहे. कारण आमच्या आईनं ती चौकट कात्रीनं कापून (माझ्या कापडाच्या कात्रीनं, जिच्यानं कोणी कागद कापला तर मी कारागिरांना दिवसभर बोलतो) देवघराच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता मला विचारलं, "अरे, गच्चीवर तू लावलायस ते हेच की रे? दोन पानं काढ्यात टाकू का?"

मी हातातला कप खाली ठेवला.

आता तुम्ही म्हणाल टेलर माणूस, सोलापूरच्या पूर्व भागात शाळेचे युनिफॉर्म शिवणारा, ह्याच्या गच्चीवर विलायती फूल आलं कुठनं. सांगतो, पण मागनं सुरुवात करावी लागेल.

आईला हार्टचे ठोके इकडंतिकडं पडायचा त्रास आहे, बरीच वर्षं. त्यासाठी डिगॉक्सिन म्हणून एक बारकी पांढरी गोळी चालू आहे. ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत असेल, ही गोळी आठवड्यातनं पाचच दिवस देतात बऱ्याच जणांना, शनिवार रविवार नाही. आई म्हणते सरकारी नोकरी आहे गोळीची. तर दोन वर्षांमागं मे महिन्यात, पारा त्रेचाळीसच्या वर, आईचं जेवण एकदम तुटलं. भाकरी बघितली की मळमळ. उलट्या. आम्ही म्हटलं ऊन लागलं, सोलापुरात मे महिन्यात दुसरं काय होणार, कैरीचं पन्हं दिलं, कांदा ठेवला उशाला, मीठसाखरेचं पाणी दिलं. गोळी मात्र नेमानं चालू, कारण हार्टची गोळी चुकवायची नाही एवढंच आम्हाला माहीत. तिसऱ्या रात्री आई ट्यूबलाईटकडं बघून म्हणाली, "लाईट बदललायस का रे? हळद लावल्यागत पिवळी दिसलालीय."

आम्हाला वाटलं कावीळ. एका दवाखान्यात नेलं, तिथल्यांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, गोळ्यांची चिठ्ठी कुणी उघडून पण बघितली नाही. घरी बीपीच्या मशीनवर नाडी आली बेचाळीस, मशीन बिघडलं म्हणून मी माझी मोजली तर माझी ऐंशी. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी फाईल मागितली, मग एकच प्रश्न विचारला, "पिवळं दिसतंय का त्यांना?" मी थंडच पडलो, ह्यांना कसं कळलं. मग ईसीजी, रक्त, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी तपासणी) सगळं झालं आणि त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की हे औषध किडनीवाटं बाहेर पडतं, उन्हानं अंगातलं पाणी कमी झालं, वयानं किडनी आधीच हळू चालणारी, ती आणखी हळू झाली, रोजची गोळी आत जात राहिली आणि बाहेर जाईना, साठत गेली. त्यात आईला पायाच्या सुजेसाठी लघवी जास्त व्हायची गोळी होती, तिच्यानं पोटॅशियम उतरतं आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन हार्टला जास्त धरतं. म्हणजे आमची कुणाचीच गोळी चुकली नव्हती, नेमानं दिली म्हणूनच झालं. तीन दिवस आयसीयू, गोळी बंद, मग हळूहळू ट्यूबलाईट पांढरी झाली. आता आई एकाच्या ऐवजी अर्धी गोळी घेते आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासतो.

त्या तीन दिवसांत बाहेरच्या बाकड्यावर बसून मी गोळीच्या पाकिटावरचा आकडा बघितला, ०.२५ मिलिग्रॅम. हिशोब करायची सवय, मीटरमध्ये किती शर्ट बसतात ते रोज करतो, तर केला. एक ग्रॅम औषधात चार हजार गोळ्या. आईची अर्धी धरली तर आठ हजार डोस, आठवड्याला पाच, म्हणजे एक ग्रॅम औषध आईला तीस वर्षं पुरून उरेल. आणि एवढ्याशा मापातसुद्धा थोडं इकडंतिकडं झालं की ट्यूबलाईट पिवळी. आता सांगा, पानाच्या काढ्यात हे माप कोण काढणार, चहाच्या चमच्यानं?

तिथनं मला ह्या झाडाचं वेड लागलं. ही गोळी फॉक्सग्लोव्हच्या खानदानातली आहे असं कळलं आणि वाचत गेलो. तुमच्या चौकटीतली पहिली चूक तिथंच आहे, हे हिमालयातलं नाही. जांभळं फॉक्सग्लोव्ह मूळचं पश्चिम युरोपचं, इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल त्या बाजूचं. आपल्याकडं औषधासाठी म्हणून काश्मीर, दार्जिलिंग, निलगिरी असल्या थंड डोंगरात त्याची लागवड केली, म्हणून कुणीतरी हिमालय लिहिलं असेल. आयुर्वेदाच्या नव्या पुस्तकांत त्याला तिलपुष्पी म्हणतात, ते मात्र नाव ठेवणाऱ्याच्या पाया पडावं असं आहे. आमचं आजोळ मोहोळकडचं, तिथं पावसाळ्यात तुरीच्या मधनं तीळ असायचे, ते ज्यांनी बघितलेत त्यांनी फॉक्सग्लोव्हचा फोटो बघावा, तशीच खाली मान घातलेली नळी, तसाच खालचा ओठ जरा लांब. तिळाचं फिकट पांढरं गुलाबी, ह्याचं गडद आणि आत ठिपके, एवढाच फरक डोळ्याला. तीळ काय आणि हे काय, जवळचं नातं काही नाही, नुसता चेहरा जुळतो.

पण माझा जीव अडकला तो दुसऱ्या नावात. १५४२ साली जर्मनीतल्या लेओनहार्ट फुक्स नावाच्या वैद्यानं वनस्पतींचं मोठं पुस्तक काढलं, त्यात ह्याला लॅटिन नाव दिलं डिजिटॅलिस, बोटावरनं. कारण जर्मन लोक ह्या फुलाला फिंगरहुट म्हणतात, म्हणजे बोटाची टोपी, म्हणजे आपलं अंगुस्तान हो! शिवताना मधल्या बोटात घालतो ते. मी गल्ल्यातनं माझं पितळी अंगुस्तान काढून मोबाईलमधल्या फोटोशेजारी धरलं, आतले ठिपके सोडले तर तेच. इंग्लिश लोक म्हणतात कोल्ह्याचा हातमोजा, आणि गंमत म्हणजे फुक्सचा जर्मनमध्ये अर्थ कोल्हाच. इंग्लिश नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे, म्हणजे हा नुसता योगायोग, पण मला आवडला.

बी ऑनलाईन मागवलं. पाकिटावर फुलांचा फोटो आणि 'लावायला सोपे'. विषारी आहे, लहान पोरं जनावरं लांब ठेवा, एक अक्षर नाही. बी खसखशीपेक्षा बारीक, शिंक आली तर गेलं. पहिलं पाकीट मी मेथी पेरल्यासारखं मातीनं झाकलं, एक उगवलं नाही. नंतर कळलं ह्या बियाला उजेड लागतो, वरनंच भुरभुरायचं आणि पाणी पण फवाऱ्यानं. दुसरं पाकीट गणपती गेल्यावर टाकलं, उगवलं, उपटून विरळ करत करत शेवटी चार रोपं राहिली. मातीलगत चक्रासारखी पानं, मऊ लव असलेली, सुरकुतलेली, खालनं राखाडी, तंबाखूच्या रोपाची आठवण येणारी. शेजारच्या मावशी दोनदा विचारून गेल्या, "कसली भाजी ओ ही?" युरोपात लोक हीच चूक करतात, कॉम्फ्री नावाच्या दुसऱ्या झाडाची पानं समजून ह्याची खातात आणि दवाखान्यात जातात. फूल आलेलं झाड कुणी भाजी समजणार नाही, धोका पहिल्या वर्षीच्या ह्या नुसत्या पानांचाच.

आणि फूल सोलापुरात येणारच कसं? हे दोन वर्षांचं झाड, पहिल्या वर्षी पानं, मग थंडी खायची, चांगली कडाक्याची, मग दुसऱ्या वर्षी माणसाच्या उंचीचा दांडा आणि फुलं, मग बी टाकून मरतं. नर्सरीवाले पहिल्याच वर्षी फुलणाऱ्या जाती पण विकतात, पण त्यांनाही आपला एप्रिल सोसणार नाही. आमच्या इथली थंडी म्हणजे जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत चार रात्री स्वेटर. तुमच्या चौकटीतलं 'कुंडीत सहज येतं' हे महाबळेश्वरला बसून लिहिलं असेल तर माहीत नाही, सोलापुरातल्या विडी घरकुल वस्तीतल्या पत्र्यावर बसून तरी लिहिलेलं नाही.

बाहेर मात्र ह्यानं लई मुलूख मारलाय. माझा भाचा अमेरिकेत सिएटलच्या बाजूला असतो, त्याला फोटो पाठवला तर म्हणाला मामा हे तर आमच्याकडं हायवेच्या कडेला रान माजल्यासारखं असतं, लाकूडतोड झालेल्या डोंगरावर अख्खा उतार जांभळा. कुणीतरी कधीतरी बागेत लावलं आणि कुंपणाबाहेर गेलं, न्यूझीलंडमध्ये तेच, चिलीमध्ये तेच, कोलंबिया कोस्टारिकाच्या थंड डोंगरात तेच. एका झाडाचं बी लाखांत, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जमीन उकरली, झाडं तोडली, उजेड पडला की उठतं. पाहुणा आला आणि घरजावई झाला. आपल्याला हे नवीन नाही, गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज आमच्या एमआयडीसीतला एक रिकामा प्लॉट दाखवा त्याच्याशिवायचा, वेडी बाभूळ आणि घाणेरीचं तर बोलायलाच नको.

ह्यातली एक गोष्ट मला लई भारी वाटली, ती लिहितो, जागा नसेल तर कापा. त्या दांड्यावर फुलं खालनं वर उमलत जातात. प्रत्येक फूल आधी पराग देतं, ते संपले की मग पराग घ्यायला तयार होतं. म्हणजे कुठल्याही दिवशी खालची जुनी फुलं घेणारी आणि वरची नवीन फुलं देणारी. मध खालच्यांत जास्त. तिकडं बंबलबी नावाची केसाळ गुबगुबीत माशी असते, भुंग्यागत आवाज करणारी, ती खालच्या ओठावर उतरते, ठिपक्यांच्या वाटेनं आत घुसते, आणि खालनं सुरू करून वर चढत जाते. येताना दुसऱ्या झाडाचे पराग खालच्या फुलांना देते आणि जाताना वरच्यांचे घेऊन पुढच्या झाडाकडं. माझ्या युनिटमध्ये कटिंगपासून प्रेसपर्यंत टेबलं लावायला मला दोन वर्षं लागली आणि तरी माल मधेच अडकतो.

आता कोलंबिया आणि कोस्टारिकात ह्या फुलाला नवीन गिऱ्हाईक मिळालं, हमिंगबर्ड, लांब चोचीचा बारका पक्षी, जो इंग्लंडात नाहीच. तिथल्या रानातली फुलं आणि इंग्लंडातली फुलं संशोधकांनी मोजून बघितली, २०२१ ला छापून आलं, तर तिकडच्या फुलाची मागची नळी लांब झालीय. झाड तिकडं जाऊन दोनेकशे वर्षं, तेवढ्यात माप बदललं. गिऱ्हाईकाच्या अंगानं कापड बेतलं म्हणा.

तर मुद्द्यावर येतो. तुमच्या चौकटीत दुसरी चूक, 'याच झाडापासून हृदयरोगाची गोळी बनते'. आईची डिगॉक्सिन ह्या जांभळ्या झाडाची नाही, त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या झाडाची, लोकरी फॉक्सग्लोव्ह म्हणूया, पानाला फुलाला लोकर असल्यासारखं, मूळ आग्नेय युरोपचं, फुलं मळकट पिवळट. त्यातनं सिडनी स्मिथ ह्या केमिस्टनं १९३० मध्ये डिगॉक्सिन वेगळं काढलं. जांभळ्यातनं डिजिटॉक्सिन निघतं, काम तेच, पण अंगात जास्त दिवस राहतं. म्हणजे फोटो एकाचा आणि गोळी दुसऱ्याची.

तिसरी आणि खरी चूक 'रामबाण' ह्या शब्दाची. ज्या माणसानं हे औषध जगाला दिलं त्यानंसुद्धा तसं म्हटलं नाही. विल्यम विदरिंग, बर्मिंगहॅमचा डॉक्टर. १७७५ मध्ये त्याला श्रॉपशरच्या एका म्हातारीचा घरगुती नुस्खा दाखवला, अंग सुजण्यावरचा, वीसेक पाल्यांचा. त्यानं ओळखलं की बाकीचे पाले नुसते भरतीला, काम करतंय ते फॉक्सग्लोव्ह. मग दहा वर्षं, दीडशेच्या वर पेशंटची नोंद ठेवून १७८५ मध्ये पुस्तक काढलं, आणि त्यात ज्यांना फायदा झाला ते लिहिलं तसे ज्यांना जास्त झालं ते पण लिहिलं, उलटी, नाडी मंद होणं, वस्तू पिवळ्या हिरव्या दिसणं. १७८५ मध्ये! आमची ट्यूबलाईट त्यानं अडीचशे वर्षांमागं लिहून ठेवलीय आणि त्या पहिल्या दवाखान्यात कुणी वाचली नव्हती. त्यालाच पानाच्या जोराचा भरवसा नव्हता, झाड कुठलं, पान कधी तोडलं ह्यावर जोर बदलतो, म्हणून तो फुलोऱ्याच्या वेळचीच पानं घ्यायचा, वाळवून पूड करून थोडी थोडी द्यायचा आणि लक्षण दिसलं की बंद. आणि वाळवून किंवा उकळून विष जात नाही हो, काढ्यात ते उतरतं.

तुम्हाला हार्टच्या विषाबद्दल लिहायचंच असेल तर एवढं लांब जायला नको होतं. सिद्धेश्वराला वाहतो ती कण्हेर, रस्त्याच्या दुभाजकात लावलेली, शेळी तोंड लावत नाही म्हणून टिकते ती, तिच्यात ह्याच जातीचं विष. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, जिच्या बियांनी आम्ही शाळेच्या मागं खेळायचो, तिच्यात तर लईच. ती पण आपली नाही बरं का, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, आपल्याकडं कुंपणाला लावली आणि आता आपलीच झाली, महादेवाला चालती म्हणजे विषय संपला. श्रीलंकेत बिट्टीची विषबाधा झालेल्या पेशंटना डिगॉक्सिनवरचा जो उतारा असतो, मेंढीच्या रक्तातनं तयार केलेला, तोच देऊन बघितला आणि लागू पडला. म्हणजे युरोपातलं फॉक्सग्लोव्ह आणि बाळे गावच्या कुंपणावरची बिट्टी हार्टला एकाच ठिकाणी धरतात. फॉक्सग्लोव्ह सोलापुरात कुणाच्या दारात नाही, बिट्टी प्रत्येक गल्लीत आहे. तिच्यावर एक चौकट छापा की.

त्या दिवशी चहा झाल्यावर मी गच्चीवर गेलो आणि चारी रोपं हातमोजे घालून उपटली. जीवावर आलं, खोटं कशाला सांगू, सहा महिने पाण्याच्या पाळ्या सांभाळून बादलीतलं पाणी घातलंय त्यांना, जेव्हा नळाला चार चार दिवस पाणी नाही. खाली टाकता येईना कारण गल्लीत शेळ्या फिरतात, म्हणून मोठ्या कुंडीत खोल पुरली आणि वर जास्वंद लावलीय. आई म्हणाली, "एवढं चांगलं औषध, पेपरात आलंय." मी म्हटलं पेपरात चुकून आलंय. त्यावर ती म्हणाली, "पेपरवाले चुकले असते तर त्यांनी तसं छापलं असतं."

आता तिला काय सांगू? म्हणून हे पत्र. दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात नको, रविवारी, त्याच पानावर, तेवढ्याच टाईपात छापा. आई बारीक अक्षर वाचत नाही.

आपला जुना वाचक,
एक युनिफॉर्म टेलर, पूर्व भाग, सोलापूर